जुन्या फोटोशॉपमधील मराठी : वडवणीच्या फलकलेखनाच्या निमित्ताने

१

बीडहून तेलगावमार्गे परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी हे तालुक्याचे गाव आहे. अशा गावात जे मराठी लेखन आज सर्वाधिक प्रमाणात निर्माण होते, ते ग्रंथांचे नव्हे आणि नियतकालिकांचेही नव्हे. वाढदिवसाचे व पुण्यस्मरणाचे फ्लेक्स, सप्ताहाचे फलक, दुकानाच्या उद्घाटनाची निमंत्रणे, लग्नपत्रिका आणि विवाहाच्या अल्बमांतील ओळी हेच तेथील प्रमुख लेखन होय. हे लेखन फोटो स्टुडिओत व फ्लेक्सच्या दुकानात घडते. या शतकाच्या पहिल्या दीड-दोन दशकांत ते प्रामुख्याने ज्या संगणकप्रणालीवर घडले, त्या प्रणालीला देवनागरी लिपीचे ज्ञान नव्हते, ही गोष्ट मात्र भाषाभ्यासकांच्या क्वचितच ध्यानात येते.

फोटोशॉप ही मुळात छायाचित्रे संस्कारित करण्याची प्रणाली. तिच्या जुन्या आवृत्त्यांतून मराठी लिहिता आले ते त्रयस्थ संस्थांनी निर्माण केलेल्या जोडसाधनांमुळे. या जोडसाधनांचा इतिहास थोडक्यात सांगणे आणि त्यांच्यामुळे आपल्या हाती आलेल्या लेखनसाहित्याचे स्वरूप काय आहे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वडवणी हे नाव येथे उदाहरणादाखल घेतले आहे; जे तेथे लागू पडते ते केज, धारूर, माजलगाव येथेही, किंबहुना महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी लागू पडेल.

लेखाचे प्रतिपादन प्रारंभीच मांडणे इष्ट होईल. या साधनांनी मराठी लेखन शक्य केले, परंतु ते वर्णांच्या रूपाने नव्हे, तर आकृतींच्या रूपाने साठविले. परिणामी सुमारे वीस वर्षांचे लोकलेखन आज डोळ्यांना दिसते, पण संगणकाला वाचता येत नाही. आणि ज्या साधनांच्या आधारे ते पुन्हा वाचता येईल ती साधने लयास जात आहेत. तेव्हा लेखनाबरोबर साधनांचेही जतन झाले पाहिजे.

२

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात संशोधन करीत असलेल्या थॉमस नोल यांनी १९८७ साली या प्रणालीच्या रचनेस आरंभ केला. त्यांचे बंधू जॉन नोल यांचा तीत महत्त्वाचा वाटा होता. ॲडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये तिची पहिली आवृत्ती मॅकिंटॉश संगणकासाठी प्रसिद्ध केली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे चित्राचे घटक एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पापुद्र्यांप्रमाणे निरनिराळे ठेवता येऊ लागले. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत लिहिलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करण्याची सोय झाली. त्यापूर्वी अक्षर एकदा उमटले की ते चित्रच होऊन जाई. आपल्याकडील स्टुडिओंत जिचे नाव आजही घेतले जाते ती ७.० ही आवृत्ती २००२ साली निघाली.

इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली मूळ प्रणालीत बसविता याव्यात, अशी योजना या प्रणालीत पहिल्यापासून होती. व्यवसायात त्यांना प्लगइन म्हणतात. १९९२ साली निघालेली ‘काईज् पॉवर टूल्स’ ही आज्ञावली व त्यानंतरची एलियन स्किन कंपनीची ‘आय कँडी’ ही या प्रकारची प्रसिद्ध उदाहरणे. अशी आज्ञावली ठराविक फोल्डरमध्ये ठेवली, की फिल्टर मेनूच्या तळाशी तिचे नाव दिसू लागे. अक्षराला ज्वाळा लावणे, त्यास काचेचा अथवा चकचकीत धातूचा भास देणे, धूर काढणे ही तिची कामे.

मराठी मुलखातील जोडसाधनांचे मात्र दोन वर्ग केले पाहिजेत. पहिला वर्ग लिपी पुरविणाऱ्या साधनांचा आणि दुसरा वर उल्लेखिलेल्या अलंकरणाच्या फिल्टरांचा. पहिला वर्ग तांत्रिक परिभाषेत प्लगइन ठरत नाही, कारण तो फोटोशॉपमध्ये न बसता संगणकाच्या कार्यप्रणालीत बसतो. परंतु मूळ प्रणालीला जे येत नाही ते तिसऱ्याने पुरविणे हे लक्षण दोहोंस समान आहे. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, दोहोंचा परिणाम एकाच दिशेने झाला.

३

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मूलगामी काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये झाले आणि ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेकडे आले. त्या कामाचा पाया ध्वनिनिष्ठ होता. १९८८ साली सिद्ध झालेल्या आणि १९९१ साली भारतीय मानक १३१९४ या क्रमांकाने स्वीकारल्या गेलेल्या ‘इस्की’ संकेतावलीत प्रत्येक वर्णास एक संकेत आहे. जोडाक्षर कोणत्या आकाराचे दिसावे हा प्रश्न तीत लेखनाचा नसून केवळ दर्शनाचा मानला आहे. पुढे युनिकोडचा देवनागरी विभागही १९८८ च्या इस्कीवरच आधारलेला आहे.

परंतु छपाई आणि चित्ररचना यांच्या परदेशी प्रणालींना इस्की समजत नव्हती. त्यांना फॉन्ट तेवढा समजे, आणि त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ घरे असत. त्यांतलीही सर्व वापरता येत नसत. तेव्हा व्यवहारी तोडगा निघाला तो असा : रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे भरावयाचे. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि काही ठळक जोडाक्षरे यांना एकेक घर द्यावयाचे. प्रणाली आपण रोमन अक्षरे मांडीत आहोत असे समजते आणि वाचकास मराठी दिसते. सी-डॅकचे आय.एस.एम., पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपचे आकृती आणि हिंदी प्रदेशातून आलेला कृतिदेव या सर्वांचे तत्त्व हेच. ज्या सी-डॅकने वर्णाधिष्ठित संकेतावली घडविली, त्याच संस्थेस व्यवहारासाठी आकृत्यधिष्ठित फॉन्ट-संकेतही घडवावे लागले, ही गोष्ट त्या काळातील अडचण स्पष्ट करते.

या संचांत फॉन्टच्या जोडीला कळफलकाचा कार्यक्रमही असे. टंकणाराने ‘द’ नंतर ऱ्हस्व वेलांटी दाबली, की तो कार्यक्रम आधी उमटलेला द पुसून वेलांटी अगोदर व द मागाहून अशा क्रमाने दोन्ही पुन्हा पाठवी. श्रीलिपीसारख्या संचाबरोबर एक छोटे इलेक्ट्रॉनिक कुलूप येत असे. त्यास डोंगल म्हणत. ते संगणकास जोडल्याविना हा कार्यक्रम चालत नसे.

४

या पद्धतीत शब्दाचे काय होते ते दोन-तीन उदाहरणांनी दाखविणे आवश्यक आहे. त्यासाठी कृतिदेव ०१० हा सर्वपरिचित फॉन्ट घेऊ. त्यात ‘वडवणी’ हा शब्द पुढील सहा चिन्हांनी साठविला जातो : लहान ओ, मोठा एम, लहान ओ, पूर्णविराम, लहान के, लहान एच. येथे ‘ण’ या एका वर्णाची दोन चिन्हे झाली आहेत : पूर्णविरामाच्या घरातील अर्धा ण आणि लहान ‘के’च्या घरातील उभी रेघ. गावाच्या नावात एकही आ-कार नाही. तरीही त्यात कान्याचा संकेत आला आहे.

‘भाषा’ हा शब्द याहून बोधप्रद आहे. त्याची चिन्हे अशी : मोठा एच, के, के, दुहेरी अवतरणचिन्ह, के, के. लहान ‘के’ चार वेळा आला. त्यांपैकी दोन स्वर आहेत आणि उरलेले दोन भ व ष यांचे दांडे आहेत. संकेतावरून त्यांत कोणताही भेद करता येत नाही. स्वरचिन्ह आणि व्यंजनाच्या आकृतीचा एक अवयव, या भाषादृष्ट्या सर्वस्वी भिन्न गोष्टी येथे एक झाल्या आहेत. अशा साहित्यावरून कोणी स्वरांची वारंवारता मोजू गेल्यास येणारी संख्या निरर्थक ठरेल.

क्रमाचीही तीच अवस्था. ‘वाढदिवस’ या शब्दात उच्चारतः द आधी आणि इ नंतर. साठवणीत वेलांटी आधी आणि द नंतर. ‘सर्व’ या शब्दात उच्चारतः र आधी आणि व नंतर. साठवणीत रफार वच्या मागून येतो. सारांश, येथे लेखन ध्वनींच्या क्रमाने नसून डावीकडून उजवीकडे दिसणाऱ्या आकारांच्या क्रमाने झालेले आहे. शिवाय प्रत्येक कंपनीची घरे निराळी. कृतिदेवमध्ये लिहिलेला मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये नेला तर त्याचा अर्थहीन पसारा होतो. या लेखनाची लिपी देवनागरी आहे खरी, पण तिची ‘संकेतलिपी’ मात्र जितके विक्रेते तितक्या प्रकारची आहे.

५

यावरून ही साधने सदोष होती असा निष्कर्ष काढणे ऐतिहासिक दृष्टीने न्याय्य होणार नाही. लिपीचे तुकडे करून ती यंत्रात बसविण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. खिळेजुळणीच्या काळात अखंड खिळ्यांबरोबर डिग्री पद्धतीचेही खिळे असत. तीत मात्रा व उकार अक्षराच्या वर-खाली निराळे जुळवावे लागत. टंकलेखनयंत्र आले तेव्हा कळांची संख्या मर्यादित असल्याने अर्धे अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर करण्याची युक्ती रूढ झाली. वर पाहिलेला ‘ण’ हा त्याच युक्तीचा वंशज होय. टंकलेखनाच्या परीक्षा दिलेला मनुष्य रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर बसला, की त्यास नवे काही शिकावे लागत नसे. ज्या मुलखात १९४८ पर्यंत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि जेथे मराठी दप्तराचा मोठा भाग मोडीत लिहिला जाई, तेथे देवनागरी मुद्रण सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्यास या सुलभतेचे साहाय्य झाले, हे विसरून चालणार नाही. शेजारची उर्दूही याच वाटेने गेली : १९९४ पासून उपलब्ध झालेल्या इनपेज प्रणालीत नस्तालीक मजकूर रचून तो चित्ररूपाने फोटोशॉपमध्ये आणण्याची रीत होती.

मराठीच्या खास गरजांकडे या साधनांनी लक्ष दिले होते, हेही नोंदविले पाहिजे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत अर्थभेद करणारा भेद केवळ र च्या आकृतीत आहे. बीड जिल्ह्यातील फलकांवर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द किती वेळा येतो हे सांगावयास नको. मराठीसाठी घडविलेल्या फॉन्टांत या आडव्या अर्ध्या र ला स्वतःचे घर होते. तसेच ल व श ही अक्षरे मराठी वळणाची होती. विंडोजबरोबर येणाऱ्या ‘मंगल’ या युनिकोड फॉन्टमध्ये ती हिंदी वळणाची होती. मराठी वर्णमाला व लिपी यांचे प्रमाणीकरण करणारा शासननिर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला. बाजारातील फॉन्ट त्यापूर्वीच मराठी वळण पाळीत होते.

६

आता दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे अलंकरणाच्या फिल्टरांकडे वळू. फोटोशॉपमधील फिल्टर अक्षरांवर चालत नाही, ठिपक्यांवर चालतो. म्हणून ज्वाळांचा अथवा धातूचा परिणाम देण्यापूर्वी मजकुराचा लेयर ‘रास्टराइझ’ करावा लागतो. म्हणजे मजकूर मोडून त्याचे चित्र करावे लागते. प्रणालीच्या स्वतःच्या लेयर स्टाइलना, उदाहरणार्थ छाया अथवा कड यांना, याची आवश्यकता नसते. बाहेरून जोडलेल्या फिल्टरांना असते. त्यामुळे फलकावर जे शब्द सर्वांत ठळक, म्हणजे वधूवरांची नावे, सत्कारमूर्तींचे नाव, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ यांसारखी शीर्षके, तेच शब्द मजकूर म्हणून प्रथम नष्ट होण्याचा संभव अधिक. पहिल्या जोडसाधनाने वर्णाची आकृती केली. दुसऱ्याने आकृतीचे ठिपके केले. ही ऱ्हासाची दुसरी पायरी होय.

तथापि येथे एक सूक्ष्म अवशेष शिल्लक राहतो, आणि संशोधकास तो मोलाचा आहे. फोटोशॉप मजकुराच्या लेयरला त्यातील आरंभीच्या चिन्हांवरून आपोआप नाव देते. नावांची यादी फॉन्टमध्ये न दिसता संगणकाच्या सामान्य अक्षरांत दिसते, म्हणून तेथे मराठीऐवजी रोमन चिन्हांची एक विचित्र रांग दिसते. चालकाच्या दृष्टीने ती निरुपयोगी. पण लेयर रास्टराइझ केल्यावरही ते नाव तसेच राहते. फॉन्टची सारणी हाती असेल तर त्या रांगेवरून मूळ शब्द पुन्हा सिद्ध करता येतो. ताम्रपटावरील झिजलेल्या अक्षरांपेक्षा हा पुरावा अधिक निश्चित आहे. अट इतकीच की मूळ फाइल उपलब्ध असावी आणि लेयर एकत्र करून टाकलेले नसावेत.

७

नव्या आवृत्त्या निघाल्यावरही ७.० ही आवृत्ती दीर्घकाळ का टिकली, याची कारणे तांत्रिक तशीच आर्थिकही आहेत. ती १२८ मेगाबाइट स्मृतीच्या संगणकावर चाले. २००३ साली निघालेल्या पुढील आवृत्तीपासून विंडोजवर प्रत चालू करण्यास कंपनीकडून मान्यता घ्यावी लागू लागली, ७.० ला ती अट नव्हती आणि बिनपरवाना प्रती सर्रास फिरल्या. २०१३ पासून कंपनीने एकरकमी विक्रीऐवजी वर्गणीची पद्धत स्वीकारली. तालुक्याच्या दुकानास हा खर्च दरमहाचा झाला. शिवाय जुने फिल्टर ३२-बिट पद्धतीचे असल्याने २००८ पासून आलेल्या ६४-बिट आवृत्तीत ते चालत नव्हते. म्हणजे प्रणाली बदलावी तर जोडसाधने सोडावी लागत.

युनिकोडकडे वळण्यासही अडथळे होते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी आणली तर वेलांटी चुकीच्या बाजूस पडे आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत. दक्षिण आशियाई लिप्यांसाठी नीट व्यवस्था नव्या आवृत्त्यांत झाली ती २०१० नंतरच्या दशकात. तोवर दुकानात शीर्षकांसाठी लागणारे नक्षीदार फॉन्ट जुन्या पद्धतीचे साठले होते, तयार साच्यांच्या फाइलींत तेच वापरलेले होते आणि चालकाच्या बोटांना तोच कळफलक अवगत होता.

८

येथे असा आक्षेप घेता येईल, की फ्लेक्स हे क्षणजीवी लेखन आहे. ते टिकले नाही म्हणून भाषेच्या इतिहासाचे काय बिघडले? याचे उत्तर असे, की वडवणीसारख्या गावाच्या मराठीचा दुसरा लिखित पुरावा अल्प आहे. व्यक्तिनामांपुढील आबा, अण्णा, तात्या, दादा ही संबोधने. निमंत्रकांच्या यादीतील नात्यांचा क्रम. मुकादम, टोळी, उचल, कोयता हे ऊसतोडीच्या व्यवहारातील शब्द. घराण्यांची व वस्त्यांची नावे यांची काळानुक्रमे नोंद ग्रंथांत मिळणार नाही. ती या पत्रिकांत व फलकांतच मिळेल.

पण हा पुरावा वापरताना पाठचिकित्सेची शिस्त पाळली पाहिजे. ‘आशीर्वाद’ ऐवजी ‘आर्शीवाद’ हे रूप फलकांवर वारंवार दिसते. ते स्थानिक उच्चाराचे द्योतक आहे काय? रेमिंग्टन पद्धतीत रफार अक्षराच्या मागून दाबावयाचा असतो. तो एक घर अलीकडे पडणे सोपे आहे. तथापि हाच दोष हस्तलेखनातही आढळतो. तेव्हा तो ग्राहकाच्या चिठ्ठीतील, चालकाच्या बोटांतील की साधनाच्या रचनेतील, हे ठरविल्याविना त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. पोथीच्या अभ्यासात आपण कर्त्याचा दोष आणि लेखनिकाचा दोष वेगळे काढतो. येथे साधनाचा दोष हा तिसरा प्रकार मानावा लागेल. त्यासाठी कोणता फॉन्ट आणि कोणता कळफलक वापरला गेला हे ठाऊक असणे अपरिहार्य आहे.

याच जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे : लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ. कापडावरील ते लेखन चार शतकांनंतर वाचता येते, कारण अक्षर आणि त्याचा अर्थ यांच्यामध्ये तिसरे साधन नाही. फ्लेक्सही एक प्रकारे कापडावरचेच लेखन. पण त्याची मूळ प्रत संगणकात आहे आणि तिची किल्ली तिसऱ्याच्या हाती आहे. ती किल्ली झपाट्याने हरवत आहे. डोंगल बिघडतात, जुने कळफलक-कार्यक्रम नव्या विंडोजवर चालत नाहीत. टाइप-१ या जुन्या प्रकारच्या फॉन्टांना ॲडोबीने आपल्या प्रणालींत जानेवारी २०२३ पर्यंत आधार देणे बंद केले.

म्हणून क्षेत्रीय साहित्य गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील पथ्ये पाळावीत. दुकानदाराच्या संमतीने फलकाच्या छायाचित्राबरोबर मूळ पी.एस.डी. फाइल मिळवावी. तिची एक प्रत न उघडता जपून ठेवावी. कारण फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुरास हात लावला, की मराठी जाऊन त्या जागी रोमन चिन्हे येतात, मात्र हात न लावल्यास पूर्वीचे दृश्य रूप फाइलीत टिकून असते. प्रणाली उघडताना जे फॉन्ट उपलब्ध नसल्याचे सांगते त्यांची नावे तंतोतंत उतरून घ्यावीत. सर्व लेयरांची नावे, ती निरर्थक वाटली तरी, नोंदवावीत. चालकाने कोणता कळफलक वापरला व तो कोठे शिकला हे विचारावे. मृत व्यक्तींची व कुटुंबांची नावे अभ्यासात वापरण्यापूर्वी संबंधितांची अनुमती घ्यावी. विभागाने आपल्या बाजूने प्रमुख फॉन्टांच्या संकेतसारण्या तयार करून ठेवाव्यात आणि रीतसर परवान्याने घेतलेली एक जुनी व्यवस्था चालू स्थितीत राखावी. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु फॉन्टचे नाव अचूक ठाऊक असल्याखेरीज त्यांचा उपयोग होत नाही.

शिलालेखाच्या अभ्यासात दगड, लिपी आणि कोरणारा यांचा विचार आपण एकत्र करतो. जुन्या फोटोशॉपमधील मराठीलाही हाच न्याय लावणे प्राप्त आहे. ज्या चालकांनी परक्या प्रणालीकडून आपली भाषा लिहवून घेतली ते आज कामावर आहेत आणि विचारल्यास सांगू शकतात. त्यांच्या जुन्या हार्ड डिस्क भंगारात जाण्यापूर्वी हे काम हाती घेतले, तर पुढील पिढीस वडवणीच्या मराठीची दोन दशके वाचता येतील.